'क्लॉकवाइज' म्हणजे नेमकं कोणत्या दिशेने? त्याच्यापुढे 'डिरेक्शन' लावावं लागतं का?

मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवतो. हा शब्द दिवसातून वीसदा तरी तोंडात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्थ सरळ आहे: घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने. इथल्या 'वाइज'चा शहाणपणाशी संबंध नाही. त्याचा अर्थ रीतीने, प्रमाणे. 'लेंग्थवाइज' म्हणजे लांबीला धरून, तसंच हे. शब्द मुळात क्रियाविशेषणच आहे, त्यामुळे 'टर्न द नॉब क्लॉकवाइज' एवढं पुरतं. 'डिरेक्शन' हवंच असेल तर 'इन अ क्लॉकवाइज डिरेक्शन' म्हणा. उलट दिशेला ब्रिटिश 'अँटिक्लॉकवाइज' म्हणतात, अमेरिकन 'काउंटरक्लॉकवाइज'.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी: बघायचं कुठून? छताचा पंखा खालून क्लॉकवाइज दिसत असेल, तर वरून तोच अँटिक्लॉकवाइज दिसतो. माझा एक विद्यार्थी टेबलाखालचा नट आवळत होता. उभ्याउभ्याच, वरून बघत, हात खाली घालून त्याने पाना क्लॉकवाइज फिरवला, आणि थोड्या वेळाने नट त्याच्या तळहातावर पडला. नटाच्या बाजूने पाहिलं तर तो उलटा फिरवत होता. म्हणून मुलांना मी आधी मान नटासमोर न्यायला लावतो, मग पान्याला हात. एवढं करूनही उलट्या आट्यांपाशी सावध राहावं लागतं. सायकलचं डावं पॅडल आणि बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट क्लॉकवाइज फिरवला की सुटतो.

आता मुलांच्या मनगटावरची घड्याळं आकड्यांची. काटे आठवत नाहीत त्यांना मी प्रदक्षिणा आठवायला सांगतो. देव उजव्या हाताला ठेवून चालायचं. वरून पाहिलं तर तेच क्लॉकवाइज. हे लगेच डोक्यात बसतं.

काट्यांना ही दिशा मिळाली ती सावलीच्या घड्याळावरून, असं मानतात. उत्तर गोलार्धात जमिनीवर रोवलेल्या काठीची सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला आणि संध्याकाळी पूर्वेला असते. दक्षिण गोलार्धात ती उलटी फिरते. बोलिव्हियाने तर 2014 मध्ये ला पाझ इथल्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम उलटं फिरतं केलं. तिथल्या सावलीच्या दिशेने.