आकड्यांची जुळणी: योगायोग, काकतालीय की घुणाक्षर?

ठाण्यातील एका निवृत्त शिक्षिकांनी एका लेखासाठी विचारले आहे की, भौतिकशास्त्रातील मूलभूत स्थिरांकांमध्ये, म्हणजे निसर्गातील न बदलणाऱ्या मानल्या जाणाऱ्या राशींमध्ये, जे ‘न्यूमरिकल कोइन्सिडन्स’ आढळतात त्यांना ‘सांख्यिकी योगायोग’ म्हणावे का, आणि ‘योगायोग’ हा शब्द फार घरगुती वाटत असल्यास ‘काकतालीय’ चालेल का.

‘सांख्यिकी’ चालणार नाही, कारण तो शब्द संख्याशास्त्राने घेतलेला आहे. ‘संख्यात्मक’ म्हणावे किंवा सरळ ‘आकड्यांची’ म्हणावे. खरी अडचण ‘योगायोगा’ची आहे. या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो: दोन गोष्टी जुळल्या आणि त्यामागे कारण नाही. शिवाय ‘भेटीचा योग आला’, ‘यंदा लग्नाचा योग आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच ‘योगा’त दैवाची छटा असते, त्यामुळे वाचक कोणता अर्थ ऐकेल याचा नेम नाही. म्हणून नुसते निरीक्षण सांगायचे असेल तेथे ‘जुळणी’ लिहावे आणि कारण नसल्याची खात्री असेल तेथेच ‘योगायोग’ वापरावा.

‘काकतालीय’ मात्र इतका सैल शब्द नाही. कावळा ताडावर बसला आणि नेमके त्याच क्षणी फळ पडले, म्हणजेच आपल्या बोलीतले ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’. त्यासाठी दोन घटना आणि एक वेळ लागते. पाय (π) या संख्येचा पाचवा घात घेऊन त्याला ६ने गुणले तर १८३६.१२ येतात आणि प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट आहे, यात घटना कुठली आणि वेळ कुठली? येथे ‘घुणाक्षर’ हवे: किडा लाकूड पोखरत जातो आणि त्या रेघांत आपल्याला अक्षर दिसते. नौपाड्यातील आमच्या घरी एका जुन्या पाटाच्या पाठीवर किड्याने असेच चर काढले होते, आणि आलेला प्रत्येक जण ‘हा तर चक्क र’ म्हणत असे. गच्चीवर उन्हात धरल्यावर दिसले की, र-ची तिरपी रेघ म्हणजे एकमेकांना न भिडणारे दोन चर आहेत. फ्रिडरिश लेन्झ यांनी ही ६ आणि पायची जुळणी १९५१मध्ये अवघ्या काही ओळींच्या टिपणात मांडली, तेव्हा ती मोजमापाच्या अचूकतेत बसत होती. पुढे मोजमाप सुधारले, गुणोत्तर १८३६.१५३ निघाले आणि गणित १८३६.११८ वरच राहिले.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या जुळणीला मात्र ‘काकतालीय’ शोभला असता. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील विद्युत्‌आकर्षण हे त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०च्या ३९व्या घाताइतके पट आहे. आणि प्रकाशाला इलेक्ट्रॉनच्या अभिजात त्रिज्येइतके (जुन्या, क्वांटमपूर्व सिद्धान्ताने काढलेल्या त्याच्या आकाराइतके) अंतर कापण्यास लागणारा काळ हे एकक धरले तर विश्वाचे वयही १०च्या ४०व्या घाताच्या आसपास येते. वय वाढत असते, म्हणजे ही जुळणी आजचीच आहे. येथे खरोखर ‘वेळ’ आहे. डिरॅक यांनी १९३७मध्ये सुचवले की, ही जुळणी नेहमीच टिकायची तर गुरुत्वाकर्षणच काळानुसार क्षीण होत असावे. बदलणारा ‘स्थिरांक’ हा आपल्या भाषेत वदतोव्याघातच, म्हणजे स्वतःलाच खोडणारे बोलणे, ठरतो, पण चंद्राच्या अंतराच्या लेझर मोजणीसारख्या कसोट्यांत असा बदल आढळलेला नाही, त्यामुळे त्याला नवे नाव शोधण्याची वेळ आली नाही.

पुढे १९६१मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी कावळ्याचीच बाजू तपासली, असे म्हणता येईल. मोजणारा माणूस कार्बनचा आहे, कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो, आणि तारा किती काळ जळणार हे गुरुत्वाकर्षणाच्या त्याच बळावर ठरते. तेव्हा विश्वाचे वय त्या सुमाराचे होण्याआधी ते मोजायला कोणी नसणारच. फळ पिकले म्हणूनच कावळा आला, आणि मग ‘काकतालीय’ हा शब्दही गळून पडतो.

तेव्हा लेखाचे शीर्षक ‘मूलभूत स्थिरांकांतील संख्यात्मक जुळण्या’ असे ठेवावे, आणि डिरॅक यांच्याविषयीच्या परिच्छेदात ‘योगायोग’ हा शब्द त्यांच्या तोंडी घालू नये. तो त्यांना मान्य नव्हता, म्हणून तर त्यांनी सिद्धान्त मांडला.