भौतिकशास्त्रातून पेटंटच्या कामाकडे

प्रश्न: भौतिकशास्त्रात पीएचडी झाली आहे, विषय थिन फिल्म सेन्सर (अतिशय पातळ थरांचे सेन्सर). पोस्टडॉक वर्षभरात संपेल. पेटंटच्या कामात शिरायचं आहे. त्यासाठी आधी एलएलबी करावी लागेल का? आणि प्रयोगशाळेतल्या अनुभवाचा तिथे खरंच उपयोग होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: एलएलबी आधी नको. पेटंट कायद्याच्या कलम 126 नुसार भारतीय नागरिकत्व, 21 वर्षं पूर्ण आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी एवढं असलं की पेटंट एजंटच्या परीक्षेला बसता येतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान 50 गुण आणि एकूण 60 टक्के लागतात. परीक्षा दरवर्षी ठरल्या महिन्यात होत नाही. 2023 च्या मे महिन्यानंतरची थेट 2025 च्या जानेवारीत झाली. त्यामुळे जाहिरातीची वाट न बघता अभ्यास आजच सुरू करा. एजंट पेटंट कार्यालयापुढची सगळी कामं करू शकतो, कोर्टात मात्र उभा राहू शकत नाही. खटल्यांकडे ओढा असेल तर तीन वर्षांची एलएलबी नंतर करता येते.

शास्त्रज्ञ अडतात ते दुसऱ्या पेपरात, कारण तिथे क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो आहोत ते सांगणारी वाक्यं, लिहायचे असतात आणि शोधनिबंधाची सवय आड येते. समजा, झिंक ऑक्साइडच्या थरावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर दिल्याने सेन्सरचा अंधारातला प्रवाह (प्रकाश नसतानाही वाहणारी वीज) घटतो, आणि सर्वांत चांगलं रीडिंग 5 नॅनोमीटरला आलं. संशोधक नेमकं 5 च लिहितो. शेजारची कंपनी 8 चा थर देते आणि सुटते. म्हणून पहिल्या क्लेममध्ये जाडी नको, फक्त थरांची रचना हवी, दुसऱ्यात 2 ते 20, तिसऱ्यात 5. पण मग अर्जातल्या वर्णनातही 2 आणि 20 ला काय होतं ते आलं पाहिजे. अर्ज दाखल झाल्यावर कलम 59 मुळे नवा मजकूर घालता येत नाही, आणि राहिलेला आकडा कायमचा राहतो. "प्रवाह घटतो" या निरीक्षणावर क्लेम मागू नका. निव्वळ वैज्ञानिक तत्त्वाचा शोध कलम 3(सी) खाली पेटंटला पात्र नाही. उपकरणावर किंवा ते बनवण्याच्या पद्धतीवर मागा.

तुमच्या अनुभवाचं खरं मोल पहिल्या परीक्षण अहवालाला, म्हणजे अर्जावर पेटंट कार्यालयाने घेतलेल्या हरकतींना, उत्तर देताना कळतं. मुदत सहा महिने. परीक्षक दोन जुनी पेटंटं समोर ठेवून म्हणतो, यांची जोड कुणीही घातली असती. ती जोड का जमली नसती, कोणत्या तापमानाला खालचा थर बिघडला असता, हे फिल्म स्वतः बसवलेला माणूसच ठामपणे लिहू शकतो. नुसता कायदा शिकलेल्याला हे जड जातं.

एक सावधगिरी आत्ताच घ्या. पोस्टडॉकमधलं काही पेटंटजोगं असेल तर निबंध पाठवण्याआधी अर्ज दाखल करा. आपल्याकडे आधी जाहीर झालेल्या कामासाठीची कलम 31 ची सवलत मोजक्या प्रसंगांनाच लागू होते, आणि युरोपात तर आपणच छापलेला निबंध आपल्या अर्जाच्या आड येतो.

सरावासाठी एस्पेसनेट या युरोपियन पेटंट कार्यालयाच्या मोफत संकेतस्थळावरून आपल्या विषयातलं मंजूर पेटंट उतरवा. क्लेमची पानं झाका, वर्णन आणि आकृत्या वाचून पहिला क्लेम स्वतः लिहा, मग मूळ क्लेमशी शब्दाशब्दाने ताडून बघा. तुमच्या क्लेममध्ये जास्तीचा आलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करा आणि तो काढला तर शोध जुना ठरतो का, हे तपासा. ठरत नसेल तर तो शब्द खोडा.