‘शुद्ध गणित’: मग उरलेले गणित अशुद्ध का?

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या बाईंनी एक प्रश्न पाठवला आहे. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी त्यांच्या विभागाने एक फलक तयार केला आणि त्यावर ‘शुद्ध व उपयोजीत गणित : संशोधन आणि अध्यापन’ असा मथळा लिहिला. तो वाचून मराठी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी विचारले, की एक गणित शुद्ध म्हटले तर दुसरे अशुद्ध ठरत नाही का. आणखी कोणी सुचवले, की ‘उपयोजित’च्या जागी ‘अनुप्रयुक्त’ किंवा सरळ ‘व्यावहारिक’ लिहावे. यांपैकी योग्य काय, आणि मुले ‘मी प्युअरला आहे’, ‘तो अप्लाइडला गेला’ असेच बोलत असताना मराठी शब्दांचा आग्रह धरावा का, असे बाईंनी विचारले आहे.

सहकाऱ्यांची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर ‘शुद्ध’ या शब्दात नसून त्याच्या जोडीदारात आहे. मराठीत ‘शुद्ध’चा विरुद्धार्थी शब्द दर ठिकाणी वेगळा असतो. शुद्धलेखनाच्या वहीत शुद्धसमोर अशुद्ध असते. पण पंचांग उघडले, की चैत्र शुद्ध प्रतिपदेतल्या शुद्धसमोर वद्य येते, आणि वद्य पक्षाला कोणी अशुद्ध पक्ष म्हणत नाही. तुपाच्या डब्यावरच्या शुद्धसमोर भेसळ आहे. गाण्यात शुद्ध गांधारासमोर कोमल गांधार असतो. संगीतशास्त्र कोमल आणि तीव्र स्वरांना ‘विकृत’ म्हणते, तरी कोमल गांधार लावणारा गायक बेसूर ठरत नाही. रागांच्या जुन्या वर्गीकरणात तर शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे तीन प्रकार मानले आहेत, आणि त्यांतल्या शुद्धसमोर उभा असलेला संकीर्ण म्हणजे केवळ मिश्र. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते आणि ज्यांच्या घराण्याने जोडराग मानाने मिरवले, त्या गावाला मिश्र म्हणजे कमअस्सल नव्हे हे वेगळे सांगावे लागू नये.

गणितातला ‘शुद्ध’ हा या शेवटच्या, म्हणजे रागांच्या जातीचा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी १६०५ मध्ये गणिताचे दोन भाग सांगितले, ते शुद्ध आणि मिश्र असे होते. केवळ संख्या आणि आकृती यांचा विचार ते शुद्ध गणित. आणि हेच विचार ग्रहगती, प्रकाश, संगीत, यंत्रे अशा एखाद्या वस्तुविषयात मिसळले, की ते मिश्र गणित. अठराव्या शतकातील फ्रेंच ज्ञानकोशातही हीच जोडी होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘मिश्र’ हा शब्द मागे पडला आणि त्याच्या जागी ‘उपयोजित’ या अर्थाचा शब्द आला. फ्रान्समध्ये झेर्गोन यांनी १८१० मध्ये, बर्लिनमध्ये क्रेले यांनी १८२६ मध्ये आणि पॅरिसमध्ये ल्यूव्हिल यांनी १८३६ मध्ये जी गणितपत्रिका सुरू केली, त्या तिन्हींच्या नावांत ‘शुद्ध आणि उपयोजित गणित’ हीच जोडी आढळते. म्हणजे जोडीदार बदलला, पण ‘शुद्ध’ मात्र जुनाच राहिला. ‘उपयोजित’ हा ‘शुद्ध’चा विरुद्धार्थी शब्द नव्हेच. त्यामुळे या जोडीत ‘शुद्ध’ एकटा पडला आहे, आणि वाचणारा ती रिकामी जागा आपल्या ओळखीच्या ‘अशुद्ध’ने भरतो. आपल्या सहकाऱ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘शुध्’ हा धातू आपल्या गणितात फार पूर्वीपासून आहे, पण अगदी निराळ्या अर्थाने. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त भागाकाराच्या नियमात ‘शुध्यति’ हे क्रियापद येते, तेथे त्याचा अर्थ ‘वजा होतो’ असा आहे, आणि ‘शोधन’ म्हणजे वजाबाकी. फलकावरच्या ‘शुद्ध’शी या अर्थाचा संबंध नाही, तरी एकाच धातूने या विषयात दोनदा वेगवेगळे काम केले, हे गणित शिकवणाऱ्याला ठाऊक असावे असे मला वाटते.

मग ‘शुद्ध’ बदलावा का? पर्याय पाहिले, तर प्रत्येकाची काही ना काही अडचण आहे. ‘सैद्धांतिक गणित’ म्हणावे, तर प्रवाही पदार्थांच्या गणितातही सिद्धांत असतात आणि त्यांच्या सिद्धता कमी काटेकोर नसतात. ‘अमूर्त गणित’ म्हणावे, तर गट, वलय, क्षेत्र (ग्रुप, रिंग, फील्ड) यांच्या बीजगणिताला तो शब्द शोभतो. पण मूळ संख्यांविषयीचा प्रश्न चौथीच्या मुलालाही समजेल इतका मूर्त असू शकतो आणि तरीही तो शुद्ध गणितात मोडतो. अर्थाने सर्वांत जवळचा ‘केवल’ आहे, परंतु तो ‘केवल मूल्या’त आधीच गुंतलेला आहे आणि ‘केवल गणित’ ऐकताच विद्यार्थ्याचे लक्ष त्या दोन उभ्या रेघांकडे जाईल. म्हणून ‘शुद्ध’ ठेवावा, आणि त्याच्यासमोर एके काळी ‘मिश्र’ होता हे एकदा वर्गात सांगावे, असे माझे मत आहे.

आता ‘उपयोजित’कडे वळतो. ‘व्यावहारिक गणित’ हा शब्द मला या अर्थाने मुळीच चालत नाही, कारण मराठीत त्याची जागा ठरलेली आहे. व्याज, नफा-तोटा, दलाली यांची उदाहरणे म्हणजे व्यावहारिक गणित. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाल्यावर अडत्याकडे हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी तयार होते, ते व्यावहारिक गणित. त्याची प्रतिष्ठा मोठी आहे, पण विकलक (डिफरेन्शियल) समीकरणांचा अभ्यास म्हणजे ते नव्हे.

‘अनुप्रयुक्त’ हा शब्द हिंदीत रुळला आहे आणि मराठी लेखनातही भेटतो. त्याला चूक म्हणता येणार नाही. तथापि त्यातल्या ‘अनु’मुळे ‘मागाहून योजलेले’ असा अर्थ डोकावतो. पाणिनीच्या व्याकरणात तर ‘अनुप्रयोग’ हा पारिभाषिकच आहे : ‘ईक्षांचक्रे’सारख्या रूपात मुख्य धातूच्या मागून जो ‘कृ’ येतो, त्याचा अनुप्रयोग होतो. आता ‘अनुप्रयुक्त गणित’ म्हटले, की आधी शुद्ध गणित तयार झाले आणि मागाहून ते कोठे तरी लावले, असा क्रम मनात ठसतो. हा क्रम पुष्कळदा खरा असतो, पण नेहमी नसतो, आणि म्हणूनच तो विषयाच्या नावातच कोरून ठेवणे मला पटत नाही.

उलटा क्रम पाहायचा, तर शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत उभे राहावे. साच्यात ओतलेला रस बाहेरून आत थिजत जातो. रायझरमधला, म्हणजे साच्याला जोडलेल्या जादा साठ्यातला रस कास्टिंगच्या आधी थिजला, तर धातू आकसल्यामुळे आत श्रिंकेजची पोकळी राहते आणि सगळा जॉब भंगारात जातो. थिजलेला आणि पातळ भाग यांच्यामधली सीमा सतत सरकत असते, आणि ती केव्हा कोठे असेल हा गणिताचा प्रश्न आहे. योसेफ स्टेफान यांनी १८८९ मध्ये ध्रुवीय समुद्रात बर्फाचा थर कसा जाड होतो याचा विचार करताना तो मांडला, म्हणून सरकत्या सीमेच्या अशा प्रश्नांना आज त्यांचेच नाव आहे. या सगळ्याच्या तळाशी उष्णतावहनाचे समीकरण आहे, ज्यावरचा फूरिए यांचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला. ते सोडवण्यासाठी फूरिए यांनी त्रिकोणमितीय श्रेणी वापरल्या. एखादे फल (फंक्शन) अशा श्रेणीत एकाच रीतीने मांडता येते का, हा प्रश्न पुढे गेऑर्ग कँटर यांनी १८७० च्या सुमारास हाती घेतला, आणि त्यातून अनंत संचांचा विचार, म्हणजे आज ज्याच्यावर सारे शुद्ध गणित उभे केले जाते तो संचसिद्धांत जन्माला आला. तापलेल्या धातूच्या प्रश्नातून सर्वांत अमूर्त विषय निघाला, असा हा प्रवास आहे. येथे ‘अनु’ कोणाला लावावा?

‘उपयोजित’ मला आवडतो, कारण तो फक्त ‘उपयोगात आणलेले’ इतकेच सांगतो. उप अधिक ‘युज्’, त्याचे प्रयोजक रूप ‘योजय’, आणि त्याला भूतकाळवाचक प्रत्यय, अशी त्याची घडण आहे. याच उपसर्ग-धातूपासून ‘उपयुक्त’ही होतो, आणि घोटाळा येथेच होतो. ‘उपयोजित’ वाचून मुलांना ‘उपयुक्त’ ऐकू येतो आणि मग शुद्ध गणित निरुपयोगी असा निष्कर्ष ती स्वतःच काढतात. पण ‘उपयुक्त’ हा आज गुण सांगणारा शब्द आहे, तर ‘उपयोजित’ एक घडलेली क्रिया सांगतो : कोणी तरी, केव्हा तरी, हे गणित कशाला तरी लावले. जे आज लावलेले नाही ते उद्या लावले जाऊ शकते, हे या कर्मणि रूपातच आहे. फर्मा यांनी १६४० मध्ये एका पत्रात मूळ संख्येने भाग जाण्याविषयी एक विधान लिहिले आणि पुढे ऑयलर यांनी त्याला व्यापक रूप दिले. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये त्याच्याच आधारे गुप्तलेखनाची पद्धत रचली. तीन शतकांहून अधिक काळ ते विधान शुद्ध गणितातच राहिले होते. आता त्या पद्धतीलाही पुंज (क्वांटम) संगणकाचा धोका दिसत असल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन नवी मानके जाहीर केली. त्यांपैकी दोन मानके बहुमितीय अवकाशातील बिंदुजालांच्या (लॅटिसच्या) प्रश्नांवर आधारलेली आहेत, आणि त्या बिंदुजालांचा अभ्यास मिन्कोव्स्की यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निव्वळ संख्यांच्या कुतूहलातून केला होता.

आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘शुद्ध’ आणि ‘उपयोजित’ ही विशेषणे विषयाची आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती प्रश्नाची आहेत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागली, की पाणी कोठे किती पोहोचेल याचा अंदाज ज्या समीकरणांनी करता येतो, ती सँ-व्हेनाँ यांची १८७१ ची समीकरणे प्रवाही पदार्थांची गती सांगणाऱ्या नाव्हिए-स्टोक्स समीकरणांच्याच कुळातली आहेत. आणि हीच नाव्हिए-स्टोक्स समीकरणे तीन मितींत नेहमी सुबक उत्तर देतात का, की एखाद्या क्षणी ते उत्तर फाटते, हा क्ले गणित संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक लावलेल्या सात प्रश्नांपैकी एक आहे आणि तो अजून सुटलेला नाही. समीकरण एकच आहे; ‘शाहूपुरीत पाणी केव्हा येईल’ असे विचारले की ते उपयोजित, आणि ‘उत्तर असतेच का’ असे विचारले की शुद्ध. म्हणून एखाद्या अधिविभागाची किंवा प्राध्यापकाची अशी वाटणी करताना जपून बोलावे. केंब्रिजमध्ये, जेथे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर गणित शिकले, तेथे संख्याशास्त्राचा संसार शुद्ध गणिताच्या विभागात आहे आणि सैद्धांतिक भौतिकीचा उपयोजित गणिताच्या विभागात. आपल्याकडे संख्याशास्त्राचा अधिविभागच स्वतंत्र असतो. या भिंती सोयीच्या आहेत.

मुलांच्या ‘प्युअर’ आणि ‘अप्लाइड’विषयी बोलायचे, तर बोलण्यात ते शब्द राहू द्यावेत, परीक्षा आणि पुस्तके इंग्रजीत असताना ते टाळणे शक्यही नाही. परंतु वर्गात व्याख्या समजावताना, फलकावर आणि पालकांशी बोलताना मराठी शब्द आवर्जून वापरावा. ‘प्युअर’ हे नुसते नाव म्हणून कानावर पडते आणि त्याच्या अर्थाचा विचार होत नाही. ‘शुद्ध’ म्हटल्यावर मात्र कोणी तरी ‘मग दुसरे अशुद्ध का’ असे विचारतो, आणि तेथून बेकनपासून फौंड्रीपर्यंत सारे सांगण्याची संधी मिळते. आपल्या सहकाऱ्यांनी ती आपल्याला दिलीच आहे.

फलकात एक दुरुस्ती मात्र अवश्य करावी. ‘उपयोजीत’ असे दीर्घ लिहिले आहे. हा ‘इत’ प्रत्यय लागलेला तत्सम शब्द असल्यामुळे ‘लिखित’, ‘संकलित’, ‘प्रकाशित’ यांच्याप्रमाणे तो ‘उपयोजित’ असा ऱ्हस्व लिहावा. ‘गणित’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे, गण् अधिक इत, आणि तो फलकावर त्याच्या शेजारीच बरोबर लिहिलेला आहे.