सगळ्या सभासदांचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७ दिसतोय. ही मूळ संख्या आहे म्हणून असं होतं का?

नाही. मूळ असण्याचा इथे काडीचा संबंध नाही. हे ठामपणे सांगतो, कारण हाच घोळ मी स्वतः घातलाय.

नाशिकला सिडकोत बसून छोटी सॉफ्टवेअरं करून देतो. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याला बागाईतदारांची यादी करून दिली होती. ऐन सीझनमध्ये त्याचा फोन: "भाऊ, अख्ख्या निफाड तालुक्याचा नंबर एकच कसा?" मोबाइलचा कॉलम मी इंटीजर, म्हणजे पूर्णांक साठवणारा, ठेवला होता. त्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागा; एक चिन्हासाठी, उरले ३१. ते सगळे १ झाले की २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. आपले नंबर ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच याहून मोठे. मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारी संख्या नाकारणारी सेटिंग) बंद असेल, तर ते न कुरकुरता मावेल तेवढी मोठी संख्या ठेवून देतं.

मर्यादा मूळ असणं हा योगायोग; बाकीच्या मर्यादा बघा. ८ बिटला १२७, मूळ. १६ बिटला ३२,७६७, तिला ७ ने भाग जातो. ६४ बिटच्या मर्यादेलाही ७ ने जातो. कारण १५ आणि ६३ हे घातच मूळ नाहीत. घात मूळ असला म्हणजे झालं, असंही नाही हां: २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. ३१ ला जमलं, इतकंच.

ते जमलंय हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, आणि मला खरी गंमत तिथे वाटते. वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, म्हणजे सरळ गेलं तर हजारो मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. पण या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी जोडल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच राहतात. वर्गमूळापर्यंत अशा पावणेचारशेसुद्धा नाहीत, आणि त्यातल्या मूळ तेवढ्याच तपासायच्या. ६३ आणि २४९ बाद, पहिली कामाची ३११. कागदावर भागून बघा, बाकी ३५ उरते. पुढच्या मी कॉम्प्युटरला दिल्या, ऑयलरला ती सोय नव्हती.

आता तुमचं काम. कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकूर साठवणारा, करा. मोबाइल नंबरांची बेरीज कोणी करत नाही. जुने नंबर मात्र डेटाबेसमधून परत मिळणार नाहीत, कापले गेले ते गेले. सभासद अर्जांची फाइल काढा आणि पुन्हा टाका. माझा पावतीबुकं उलटण्यात अख्खा रविवार गेला होता.