वीस तारखेलाच हात रिकामा का होतो?

प्रश्न : घरखर्चाला महिना १२,००० रुपये मिळतात. वाणसामानाची यादी तीच, तरी वीस तारखेला पैसे संपतात. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून अधूनमधून किरकोळच काही मागवते. गळती कुठे होते?

उत्तर : त्या किरकोळमध्येच. कोथिंबीर ३० रुपयांची, पण डिलिव्हरीचे पैसे वाचवायला बिस्किटं, वेफर्सही घेतले जातात आणि बिल २०० वर जातं. आठवड्याला अशा तीन ऑर्डरी म्हणजे महिन्याला २,४०० रुपये!

आधी ॲपमधली या महिन्याची बिलं उघडा. यादीत नसलेल्या वस्तूंची बेरीज करा. दर पाकिटाचा नव्हे, किलोचा बघा : १०० ग्रॅम धने २८ रुपयांना, म्हणजे किलोला २८०.

वरखर्चासाठी यूपीआय लाइट वापरा, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोट्या खर्चाचं वेगळं पाकीट, ज्यातून पैसे देताना पिन लागत नाही. त्यात ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, तुम्ही दर सोमवारी ५०० च भरा. ऑटो टॉप-अप बंदच हवं, नाहीतर शिल्लक घटली की खात्यातून पैसे आपोआप येतात आणि सगळा खटाटोप वाया. किरकोळ खरेदीला ॲप पिन मागू लागलं, की समजा मुख्य खात्याला हात लागतोय, तिथेच थांबा. दूध आणि गॅस मात्र यात धरू नका.