फी भरली ती बाथरूम घासायला का?

प्रश्न: ताई, मी सावंतवाडीचा, हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २२ आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी जुलैपासून साउथ गोव्यात एका बीच रिसॉर्टवर आलोय. पाच आठवडे झाले तरी हाउसकीपिंगमधून बाहेर काढलेलं नाही, रोज बेड लावा, बाथरूम घासा, टॉवेल मोजा. एचआरना दोनदा विचारलं फ्रंट ऑफिस (म्हणजे रिसेप्शन) कधी, तर म्हणतात बघू. माझा मित्र पुण्याच्या बिझनेस हॉटेलात पहिल्या दिवसापासून कोट घालून रिसेप्शनला उभा आहे, फोटो टाकतो, जीव जळतो. बाबा म्हणतात एवढी फी भरली ती बाथरूम घासायला का. सोडून दुसरीकडे जाऊ?

उत्तर: नको रे. ट्रेनिंगची हजेरी डिग्रीत धरतात, मधेच जागा बदलायची तर कॉलेजची परवानगी, नवं पत्र, परत मेडिकल, आणि एवढं करून नव्या ठिकाणी पहिला महिना पुन्हा हाउसकीपिंगच मिळणार, हे मी लिहून देते.

मी स्वतः लिननरूममधून, म्हणजे चादरी-टॉवेलच्या खोलीतून, सुरुवात केलीये. तेव्हा मलाही रडू यायचं. पण आता बघ, तुमच्याकडे चेक-आउट ११ ला आणि चेक-इन २ ला असं असेल तर मधे हातात तीन तास, त्यात समज वीस रूम रिकाम्या होतायत, पावसामुळे लॉन्ड्रीत टॉवेल वाळलेले नाहीत, एका रूममध्ये गेस्ट समुद्रावरून तसाच आलाय आणि शॉवरच्या जाळीत वाळू बसून पाणी तुंबलंय. गेस्ट रिसेप्शनला फोन करतो, रिसेप्शन इंजिनिअरिंगला, इंजिनिअरिंग म्हणतं हे आमचं नाही हाउसकीपिंगचं. अशा वेळी ज्याने ती जाळी हाताने उचलून साफ केलीये तोच गेस्टला सांगू शकतो की साहेब दहा मिनिटं लागतील. बाकीचे 'फाइव्ह मिनिट्स सर' म्हणून मोकळे होतात आणि पाऊण तासाने शिव्या खातात. तुझा कोटवाला मित्रही खाणार, बघ.

लिननचं गणितही आत्ताच शिकून घे. साधारण तीन सेट धरतात, एक बेडवर, एक लॉन्ड्रीत, एक मजल्यावरच्या पॅन्ट्रीत (हाउसकीपिंगच्या कपाटात). तुमच्याकडे पावसाळ्यात तेवढे पुरतात का, कमी पडले की सुपरवायझर कुणाला फोन लावतो, खराब झालेली चादर कुठल्या वहीत चढते, हे रोज लॉगबुकमध्ये आकड्यांसकट लिही. 'आज मी बेड मेकिंग शिकलो' असलं काही लिहू नकोस, ते कुणीच वाचत नाही.

आता तुझ्या तक्रारीचं. ती खरी आहे. पाच आठवडे जाऊनही पुढचं शेड्यूल हातात नसणं बरोबर नाही, काही ठिकाणी ट्रेनी म्हणजे फुकटचे हात एवढाच हिशोब असतो. मला एका हॉटेलात (नाव नको) नऊ आठवडे बँक्वेटला नॅपकिन दुमडायला बसवलं होतं, आणि मी गप्प बसले, ही माझी चूक. तू 'कधी' असं तोंडी विचारू नकोस. ट्रेनिंग मॅनेजरला चार ओळींचा मेल टाक, माझे इतके आठवडे उरलेत, फ्रंट ऑफिस, किचन आणि सर्व्हिस बाकी आहे, कुठल्या तारखेपासून कुठे ते कळवावं, आणि कॉपीत कॉलेजच्या कोऑर्डिनेटर सरांना ठेव. भाषा गोड, पण तारीख मागायचीच. तोंडी विचारलं तर 'बघू'च मिळतं.

आणि तुझी वेळ चांगली आहे हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ऑक्टोबरनंतर गोव्यात सीझन उघडला की शिकवायला कुणाला फुरसत नसते, डिसेंबरात तर ट्रेनी म्हणजे फक्त पळणारी माणसं. आत्ता लाँग वीकेंड सोडले तर रूम रिकाम्या असतात, शेफ पण बोलतात, एसी उघडून सर्व्हिसिंग चाललेलं असतं, खाऱ्या हवेने काय काय गंजतं ते डोळ्यांनी दिसतं. त्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) लोकल स्टाफ रजेवर जातो आणि सामान उचलणाऱ्या बेल डेस्कपासून सगळीकडे माणसं कमी पडतात. तुझंही मन सावंतवाडीत असणार, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला हात हवे असतील, पण या एका वर्षी चवथीला रिसॉर्टवरच थांबलास आणि आधीच सांगून ठेवलंस की मी आहे, मला फ्रंट ऑफिसला द्या, तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल. मी रिसेप्शनला अशीच पोचले.

प्रश्न: मुलगा दहावी पास आहे, स्वयंपाकाची आवड आहे, डिग्रीची फी झेपणार नाही. एका रिसॉर्टवाले म्हणतात आमच्याकडे पाठवा, शिकवू.

उत्तर: आधी दादरच्या किंवा गोव्यात पर्वरीच्या आयएचएममध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) चौकशी करा, अशा सरकारी संस्थांमध्ये दहावीनंतरचा फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे स्वयंपाकाचा, दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स असतो, त्यात हॉटेलमधलं ट्रेनिंग धरलेलं असतं. दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा, १९६१ च्या कायद्याखालचा, त्यात स्टायपेंड द्यावाच लागतो आणि २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, सरकार उचलतं, त्यामुळे 'आम्हाला परवडत नाही' हे रिसॉर्टवाल्यांचं लगेच मान्य करू नका. करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का, एवढंच विचारा. टाळाटाळ केली तर पोराला पाठवू नका, तिथे तो वर्षभर कांदेच सोलेल.