आयसीयूच्या दाराबाहेरचं बाकडं

प्रिय डॉक्टरबाई,

तुझा मेसेज परवाच वाचला पण उत्तर द्यायला आज उजाडलं. दोन दिवस उष्माघाताचे पेशंट चालूच आहेत, सोलापूरचा एप्रिल तुला काय सांगायचा, पारा 43 च्या वर गेला की दुपारी चारनंतर कॅज्युअल्टीचा फोन थांबतच नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं, माणूस बरळतोय, आणि आणणारे म्हणतात सकाळपासनं जरा कसंतरी करत होता. सकाळपासनं! आणि आणलं कधी, तर ऊन उतरल्यावर.

आयसीयूची फेलोशिप करून इकडं परत यावं का पुण्यातच थांबावं असं विचारलंयस. ते मी सांगणार नाही, ते तुझ्या घरचे आणि तुझा ईएमआय मिळून ठरवतील. इथं काय असतंय तेवढं लिहितो.

आपल्याकडं पेशंट येतो तोच उशिरा. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पलीकडनं इंडी, विजापूर. आधी गावात दोन दिवस सलाईन, मग तालुक्याला एक रात्र, मग सोलापूर. चिठ्ठीवर एकच ओळ, पुढील उपचारासाठी पाठवत आहे. सेप्सिसच्या शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून बीपी पडलेलं असतं तेव्हा, पहिल्या तासात अँटिबायोटिक गेलं पाहिजे असं आपण पाठ केलेलं असतंय, पण तो पहिला तास कुठल्यातरी टमटममध्ये कधीच संपलेला असतो. अशा वेळी गावच्या डॉक्टरवर नातेवाइकांसमोर तोंड टाकू नकोस, मी तरुणपणी लई टाकलं, त्याचा परिणाम एवढाच झाला की ते डॉक्टर मला फोन करायचे बंद झाले आणि पेशंट अजून उशिरा यायला लागले. त्यापेक्षा स्वतः फोन कर, काय दिलंय, किती वाजता दिलंय, लघवी कधी झाली होती, एवढं विचार आणि पेशंट सुधारला तर तेही कळव. पुढच्या वेळी तोच माणूस सहा तास आधी फोन करतोय बघ.

एक केस सांगतो. विशीतला पोरगा, शेतातलं फवारणीचं औषध पिलेला. ॲट्रोपिन, त्या विषावरचं औषध, दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेलं, छाती कोरडी झाली, नाडी 80 च्या वर आली, दुसऱ्या दिवशी पोरगं बोलायला लागलं, आईनं माझे पाय धरले, मी पण जरा फुगलोच. तिसऱ्या रात्री घरी जेवायला बसलो होतो तर सिस्टरचा फोन, सर, ह्याला उशीवरनं मान उचलता येईना. मॉनिटरवर सगळं चांगलं, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन 97. ताट तसंच ठेवून गेलो, अर्ध्या तासात श्वासाची ट्यूब टाकावी लागली. इंटरमीडिएट सिंड्रोम, विष उतरल्यासारखं वाटतं आणि मग मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, साधारण 24 ते 96 तासांत येतो, पुस्तकात आहेच की, पण मी विसरलो होतो आणि सिस्टरनं मान उचलायला सांगून बघितलं होतं. सॅच्युरेशन पडायची वाट बघितली असती तर पोरगं गेलं असतं. तेव्हापासनं राऊंडला मी आधी सिस्टरला विचारतो, रात्री काय वेगळं वाटलं, मग पेशंटकडं बघतो, मॉनिटरचा नंबर शेवटी. मावशींनापण विचार, चादर बदलताना त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

1952 ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्याला भोक पाडून हातानं श्वास द्यायला सुरुवात केली आणि मेडिकलची पोरं पाळ्या लावून दिवसरात्र पिशवी दाबत बसली. आजचं आपलं आयसीयू त्यातनंच निघालं. मला ती गोष्ट आठवते ते तालुक्याहून येणारी गाडी दारात लागली की, आत मागच्या बाजूला मेव्हणा नाहीतर भाऊ अँबू, म्हणजे तीच श्वासाची पिशवी, दाबत बसलेला असतो, हात भरून आलेले, डोळे लाल, आणि आपण पेशंट आत घेतो आणि त्याच्या तोंडावर दार लावतो. आणि मग त्याला चार तास कुणी काहीच सांगत नाही.

ते दाराबाहेरचं बाकडं, तुझं निम्मं काम तिथं आहे. तिथं तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं बसलेलं असतंय. पूर्व भागातली विडी वळणारी तेलुगू आजी असेल तर विचारणार, बतुकुतुंदा? इंडीकडचा कन्नड म्हातारा विचारणार, उळीतारेन्री? दोघांचा प्रश्न एकच, जगेल का. दहा-बारा वाक्यं दोन्ही भाषांतली शिकून घे, मोडकी चालतात, सेप्टिक शॉक विथ मल्टिऑर्गन असलं काही त्यांच्यासमोर बोलू नकोस.

आणि उशीर करू नकोस. ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून सांगतोय. एक बाई होत्या, वय 70 च्या आसपास, फुफ्फुसं आधीच गेलेली, घरी ऑक्सिजनवर. मुलगा यंत्रमागावर कामाला. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की ह्या व्हेंटिलेटरवरनं निघणार नाहीत. पण मी रोज सांगायचो, बघू, 24 तास जाऊ दे. असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी खरं सांगितलं तेव्हा तो काही ओरडला नाही, एवढंच म्हणाला, सर पहिल्या दिवशी बोलला असता तर नारळी पौर्णिमेला आई घरात असती, मार्कंडेयाचा रथ आमच्या दारावरनं जातो. आणि गळ्यातलं मोडून भरलेले पैसे, त्याबद्दल तो बोलला नाही, मला बिलिंगवाल्याकडनं कळलं. मी स्वतःला सांगत होतो की आशा तोडू नये म्हणून थांबलोय. खरं म्हणजे मला ते बोलायचा धीर नव्हता.

ह्याच्याच पोटातली दुसरी गोष्ट डामाची, म्हणजे सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जची. तू रेसिडेन्सीत शंभर वेळा बघितलं असशील. आपणच सांगतो की आता काही होणार नाही, ते म्हणतात घरी नेतो, तोंडात गंगाजल घालू, आणि आपण कागदावर काय लिहितो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे. खाली अंगठा. पेशंट तडफडत जातो, मॉर्फिनचा एक डोस सोबत नाही. हे मला आजपण लाज आणतं. सुप्रीम कोर्टानं 2018 ला सन्मानानं मरायचा हक्क मान्य केला, 2023 च्या जानेवारीत प्रक्रिया जरा सोपी केली, आता कृत्रिम उपचार थांबवायचे तर तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ आणि तिघांचंच दुसरं, शक्यतो 48 तासांत निर्णय. कागद जास्त आहेत मान्य, पण वाट आहे. ती तू नीट शिकून ये, आमच्या पिढीनं टाळाटाळ केली.

पैशाचं पण पहिल्या तासातच बोल, त्यात कमीपणा नाही. 2012 ला जीवनदायी योजना चालू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं, आता ती महात्मा फुले नावानं चालते, तरी अजून लोक रेशन कार्ड घरी ठेवून येतात आणि चौथ्या दिवशी आणतात. बसत नसेल योजनेत तर रोजचा खर्च अंदाजे किती ते स्पष्ट सांग, आणि सिव्हिलला बेड आहे का ते स्वतः विचारून दे.

भाषणं मात्र फार ऐकू नकोस. सोलापुरात डॉक्टरांचा सत्कार असला की चीनमध्ये जखमींची सेवा करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय माईक खाली ठेवत नाहीत. भैय्या चौकातल्या त्या घरात मी पण जाऊन आलोय, माणूस मोठाच होता. पण 1938 ला चीनला गेला आणि 1942 ला गेलासुद्धा, वय 32. मला ते 32 आठवतं. सलग दोन नाईट झाल्या की तिसरी नको म्हण, मी सांगतोय म्हणून सांग. झोप नसलेल्या डॉक्टरच्या हातनं डोसमध्ये शून्य वाढतंय.

बरं, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस यायचं म्हणालीस ते ये. येताना शिंप्याचा टेप घेऊन ये, चांगला लांब, आपल्याकडचा दर आठवड्याला हरवतो. कशाला ते सांगतो. आपल्याकडं पेशंटची उंची कुणी मोजत नाही, केसपेपरवर अंदाजे वजन लिहितात आणि व्हेंटिलेटर त्यावर लावतात. बाई 150 सेंटीमीटरची असेल तर वजनकाट्यावर 80 भरू दे, तिची फुफ्फुसं 43 किलोच्या हिशोबाचीच, म्हणजे एका श्वासाला किलोमागं सहा मिलीनं 260, आणि 80 धरलं तर 480 जातंय आत. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुफ्फुसं सुजून पाण्यानं भरतात त्यात, किलोमागं 12 ऐवजी सहा मिली दिल्यावर मृत्यू 40 टक्क्यांवरनं 31 वर आले, हे 2000 सालीच छापून आलंय, आणि आपण इथं टेप शोधत बसतो. पाच नंबर बेडच्या आजींची उंची आज मी वितीनं मोजली, सिस्टर हसत होत्या.

तुझा,
सर